परतीची वाट : फसलेल्या विंडोज अपग्रेडचा इतिहास

#थ्रेड

१/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि घरांतल्या, दुकानांतल्या, कार्यालयांतल्या डेस्कटॉपांवर विंडोज ११ चढवण्याची लगबग वाढली. त्यांपैकी काहींच्या पडद्यावर टक्क्यांचा आकडा बराच वर गेल्यावर एक वेगळीच ओळ उमटते: केलेले बदल मागे घेतले जात आहेत. संगणक दोनतीनदा बंद होऊन सुरू होतो आणि शेवटी जुनीच विंडोज समोर उभी राहते. दोन तास गेले, हाती काहीच नाही, म्हणून माणूस चिडतो. चिडणे रास्तच आहे. पण फसलेल्या कामातून यंत्राने आपण होऊन मागे फिरावे, ही सोय जन्मजात नाही. ती एकेका फजितीनंतर, तुकड्यातुकड्याने बांधली गेली आहे.

२/ या थ्रेडचा विषय तोच: ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड फसले तर दोष शोधायचा कसा, आणि मागे फिरताना काय परत मिळते व काय मिळत नाही. मर्यादा आधीच सांगतो. हा इतिहास मुख्यतः डॉस आणि विंडोजचा आहे. लिनक्सची परंपरा निराळी आहे, तिच्यासाठी स्वतंत्र लेखन हवे. मॅकचा उल्लेख एकदाच येईल.

३/ आरंभ जून १९९१. त्याआधी एमएस-डॉस बहुतांशी नव्या संगणकाबरोबरच येई. मायक्रोसॉफ्ट ती संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विकत असे आणि त्या आपापल्या यंत्रांपुरती जुळवून घेत. एमएस-डॉस ५ चे अपग्रेड मात्र खोक्यात बंद करून थेट दुकानात मोठ्या प्रमाणावर विकले गेले. इथे एक नवा प्रश्न उभा राहिला. ज्या यंत्रावर ही फ्लॉपी चालणार, ते यंत्र ती तयार करणाऱ्याने कधी पाहिलेले नाही. त्यावरची जुनी डॉस कोणाची, कोणत्या आवृत्तीची, तेही त्याला ठाऊक नाही. अपग्रेड फसण्याची बहुतेक कारणे आजही या एका अज्ञानातच सापडतात.

४/ डॉस ५ ने यावर काढलेला तोडगा साधा होता. बसवणीचा कार्यक्रम सुरुवातीलाच एक कोरी फ्लॉपी मागे. तिच्यावर ‘अनइन्स्टॉल’ असे लिहून ठेवा, अशी सूचना असे. जुन्या डॉसच्या फायली हार्ड डिस्कवर ‘ओल्ड-डॉस’ या नावाच्या निराळ्या कप्प्यात हलवल्या जात. नवे रुचले नाही किंवा मध्येच बिघडले, तर ती फ्लॉपी घालून संगणक सुरू करायचा. जुनी डॉस परत जागेवर. समाधान झाल्यावर ‘डेल-ओल्ड-डॉस’ ही आज्ञा स्वतः टंकायची, की जुना कप्पा कायमचा नाहीसा. परतीची वाट कधी मोडायची, हे इथे वापरणाऱ्याच्या हाती होते. हा तपशील ध्यानात ठेवावा, शेवटी तो लागेल.

५/ पण त्या वाटेलाही अटी होत्या. मधल्या काळात हार्ड डिस्क नव्याने फॉरमॅट केली किंवा तिचे विभाग बदलले, तर ती फ्लॉपी निरुपयोगी. म्हणजे अपग्रेडनंतर माणसाने काय केले, यावर मागे जाता येणे न येणे अवलंबून. मार्च १९९३ मधील डॉस ६ ने हा धडा फार कठोरपणे शिकवला. तिच्यातील ‘डबलस्पेस’ ही सोय डिस्कवरचा सगळा मजकूर दाबून एका अवाढव्य फायलीत कोंबत असे. जागा वाढे, पण त्या एका फायलीला इजा झाली की त्यातले बरेच काही एकदम बुडे. तशा तक्रारी आल्या. आणि सर्वांत मोठी उणीव अशी, की एकदा दाबलेली डिस्क पुन्हा मोकळी करण्याची सोय या आवृत्तीत दिलेलीच नव्हती! ती नोव्हेंबर १९९३ मधील डॉस ६.२ मध्ये आली, डिस्क तपासणाऱ्या ‘स्कॅनडिस्क’सह.

६/ आता विंडोज ९५. २४ ऑगस्ट १९९५ चा तो गाजावाजा अनेकदा सांगून झाला आहे, तो इथे नको. आपल्याला पाहायचे आहे ते तिच्या बसवणीचे पोट. माझ्या मते फसलेल्या अपग्रेडच्या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार युक्ती तिथे आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते.

७/ अडचण अशी होती. त्या काळच्या डेस्कटॉपमधली साउंड कार्डे, नेटवर्क कार्डे, सीडी-रॉमची कार्डे यांतली पुष्कळशी आपण कोण हे सांगू शकत नसत. कार्ड कोणत्या पत्त्यावर बसले आहे, ते त्याच्यावरच्या बारीक जंपरने ठरवलेले असे. ते ओळखायचे तर बसवणीच्या कार्यक्रमाला एकेका पत्त्यावर जाऊन काही लिहून पाहावे लागे आणि काय उत्तर येते ते वाचावे लागे. अंधाऱ्या वाड्यात एकेक दार ठोठावत जाण्यासारखेच हे. एखाद्या दारामागे अपेक्षित कार्डाऐवजी दुसरेच बसलेले असले, तर त्या ठोठावण्याने संगणक जागच्या जागी गोठे. माउस हलत नाही, कळफलक चालत नाही.

८/ गोठलेला कार्यक्रम स्वतःला वाचवू शकत नाही. मग अभियंत्यांनी काय केले? प्रत्येक दार ठोठावण्याआधी ‘आता हे दार ठोठावतो आहे’ अशी नोंद डिस्कवरच्या ‘डेटक्रॅश.लॉग’ या फायलीत करायची, आणि मगच पुढे हात घालायचा. यंत्र गोठले, तर वापरणाऱ्याने ते विजेच्या बटणानेच बंद करायचे. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून नव्हे, कारण तसे केल्याने गोंधळलेले कार्ड मूळपदावर येईलच असे नसे. पुन्हा सुरू केल्यावर बसवणीचा कार्यक्रम ती फाइल शोधी. शेवटची नोंद ज्या दाराची, ते दार वगळून पुढे जाई. पुन्हा गोठले, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. दर वेळी एक दोषी दार कमी.

९/ ही फाइल माणसाने वाचण्यासाठी नव्हती. ती केवळ बसवणीच्या कार्यक्रमाला कळे. माणसासाठी ‘डेटलॉग’ ही निराळी, साध्या मजकुराची फाइल असे. आणि ओळख निर्विघ्न पार पडली तर डेटक्रॅश.लॉग पुसली जाई. म्हणजे जिथे सगळे सुरळीत झाले तिथे हा दस्तऐवज उरलेलाच नाही; तो उरला तो फक्त फसलेल्या जागी. साधनांच्या टिकण्या-न टिकण्याविषयी आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जे काही शिकवले जाते, त्याचे याहून नेमके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१०/ इथे एक विषयांतर. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत फरक करायची शिस्त रुजली. घटनेनंतर बऱ्याच काळाने, आठवणीवर रचलेले ते एक. घडत असताना, घडणाऱ्याच्याच हातून लिहिले गेलेले ते दुसरे. संगणक दुरुस्तीला आलेल्या माणसाला ‘काय झाले?’ असे विचारले की तो जे सांगतो ती बखर असते. ‘काही केलं नाही हो, आपोआपच झालं.’ लॉग हा अस्सल कागद. बखर टाकाऊ नसते, पण कामाला सुरुवात कागदापासून करावी.

११/ विंडोज ९५ ने मागे जाण्याची सोयही पुढे नेली. जुन्या विंडोजवर नवी बसवताना जुन्या प्रणालीच्या फायली राखून ठेवू का, असे ती विचारी. होय म्हटले की त्या एका मोठ्या, लपवलेल्या फायलीत बंद करून ठेवी. १९९८ च्या विंडोज ९८ मध्येही तशीच सोय होती. पण तिथे एक सापळा होता. डिस्कवरची मांडणी अधिक कार्यक्षम अशा ‘फॅट ३२’ प्रकारात बदलून घेतली की जुन्या विंडोजकडे परतणे बंद. तसा इशारा कार्यक्रम देत असे. इशारे कोण वाचतो!

१२/ पुढची दोन पावले भरभर सांगतो. सप्टेंबर २००० च्या विंडोज मी मध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ आले: प्रणालीची स्थिती अधूनमधून टिपून ठेवायची आणि वेळ आली की त्या टिपणापर्यंत मागे जायचे. विंडोज मी चे नाव आज चेष्टेने घेतले जाते, पण ही देणगी तिचीच. ऑक्टोबर २००१ च्या एक्सपीने एकट्या ड्रायव्हरपुरते मागे जाणे शक्य केले. मग जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी आली आणि अपग्रेडची पद्धतच पालटली. जुन्या प्रणालीवर फाइलमागून फाइल चढवण्याऐवजी नवी प्रणाली एका तयार साच्यातून अख्खी उतरवायची, जुनी ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या कप्प्यात सरकवायची, आणि वापरणाऱ्याच्या फायली व सेटिंग नव्या घरात हलवायची. बसवणी मध्येच फसली तर प्रणाली आपण होऊन जुन्या घरी परते. एकदा यशस्वी झाली, की मात्र परतण्याचे बटण नव्हते. आज्ञा हाताने टंकत बसावे लागे.

१३/ आता २००८ कडे येऊ. त्या फेब्रुवारीत व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकची पूर्वतयारी म्हणून एक छोटे अपडेट वाटले गेले आणि काही संगणक ‘टप्पा ३ पैकी ३, ० टक्के’ या ओळीवर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिले. मायक्रोसॉफ्टने त्याचे आपोआप वाटप थांबवले. पण दोषशोधनाच्या दृष्टीने त्याहून बोधक प्रकरण मे महिन्यात घडले, एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकचे.

१४/ तक्रार एकच होती: पॅक बसवला, आणि संगणक सुरू होताहोता बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. अखंड चक्र. सगळ्यांनी दोष पॅकला दिला. पण बारकाईने पाहता दिसले की यांतले बरेच संगणक एएमडीच्या प्रोसेसरवर चालणारे होते, आणि त्यांत एचपीचे डेस्कटॉप ठळक होते.

१५/ उलगडा असा. कारखान्यात प्रत्येक संगणकावर विंडोज स्वतंत्रपणे बसवत नाहीत. एका यंत्रावर नीट बसवून तिचा साचा काढतात आणि तो हजारो यंत्रांवर उतरवतात. इथे साचा काढला गेला होता इंटेलच्या प्रोसेसरवर आणि उतरवला गेला एएमडीच्या यंत्रांवरही. साच्याबरोबर इंटेलचा वीजनियंत्रक ड्रायव्हर, ‘इंटेलपीपीएम’, रजिस्ट्रीतल्या नोंदीसकट तिथे येऊन बसला. रोजच्या कामात त्याने कोणाला त्रास दिला नाही. सर्व्हिस पॅकनंतर मात्र संगणक सुरू होतानाच तो एएमडीच्या यंत्रावर जागा झाला आणि प्रणाली कोसळली. थोडक्यात, २००८ च्या अपघाताचे बीज यंत्र विकत घेण्याआधीच पेरलेले होते. पॅकने ते फक्त उगवले.

१६/ मग हे लवकर का कळले नाही? कोसळताना विंडोज निळ्या पडद्यावर कारण लिहिते. पण एक्सपी मूळ सेटिंगनुसार कोसळल्याबरोबर संगणक पुन्हा सुरू करत असे. कारण वाचून होण्याआधीच पडदा नाहीसा. जाणत्यांनी काय केले? सुरू होताना एफ-८ दाबून ‘आपोआप पुन्हा सुरू होणे’ बंद केले, निळा पडदा स्थिर केला, तो वाचला. मग सेफ मोडमध्ये शिरून, जिथे हा ड्रायव्हर जागाच होत नाही, त्याला कायमचा निष्क्रिय केले. दुरुस्ती दोन मिनिटांची. त्याआधी किती यंत्रांवर ‘फॉरमॅट मारला’ गेला असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

१७/ ‘फॉरमॅट मारणे’ हा आपल्याकडचा खास उपाय, म्हणून त्याची इथली किंमतही नोंदवायला हवी. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. पण त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे मराठी टंकन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या संचांत चाले. त्या पद्धतीत फायलीत देवनागरी अक्षरे नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरांची स्थाने, ज्यांवर फाँट देवनागरीचा वेष चढवतो. फॉरमॅट मारून कोरी विंडोज टाकली, लेखकाच्या फायली पेन ड्राइव्हवरून जपून परत आणल्या, पण फाँटचा संच आणायचा राहिला, की संस्थेचा वीस वर्षांचा इतिवृत्तांत निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतो. फाइल सुखरूप, मजकूर बेपत्ता. ज्यांच्याकडे असे जुने साहित्य आहे त्यांनी अपग्रेडआधी फाँटच्या फायली स्वतंत्रपणे काढून ठेवाव्यात, ही विनंती. नजीकच्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांचा त्यात स्वार्थ आहे.

१८/ फेब्रुवारी २०१० चे प्रकरण अपग्रेडचे नव्हे, एका सुरक्षा अपडेटचे. पण ते वगळता येत नाही. अपडेट बसले आणि कित्येक एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर जाऊन पडले. वाटप थांबले, चौकशी झाली. गुन्हेगार अपडेट नव्हते. त्या यंत्रांत ‘अल्यूरिऑन’ नावाचे रूटकिट आधीच लपून बसले होते. ते विंडोजच्या गाभ्यातील काही कार्यांना ठरावीक पत्त्यांवर हाक मारी. अपडेटने गाभा बदलला, पत्ते सरकले, रूटकिटने चुकीच्या जागी हाक मारली आणि सगळी प्रणाली आडवी झाली. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने तेच अपडेट, अशा बाधित यंत्रांवर बसू नये अशी तपासणी जोडून, पुन्हा दिले. मजा म्हणजे रूटकिटच्या कर्त्यांनीही तातडीने आपला माल दुरुस्त करून नव्या गाभ्याशी जुळवून घेतला! त्यांनाही आपले ‘ग्राहक’ टिकवायचे होतेच.

१९/ मग २९ जुलै २०१५. विंडोज १० हे अपग्रेड एक वर्ष फुकट देण्यात आले. त्याच्या बसवणीत काहींना पडलेला दोषसंदेश इतिहासात अजरामर झाला आहे. खिडकीचा मथळा: ‘काहीतरी घडले’. खाली खुलासा: ‘काहीतरी घडले’. बस्स. १९९५ मध्ये यंत्र प्रत्येक दाराची नोंद ठेवत होते. वीस वर्षांनी ते माणसाशी एवढेच बोलत होते.

२०/ नोंद मात्र ठेवली जातच होती, फक्त नजरेआड. विंडोज १० व ११ च्या बसवणीचे चार टप्पे मानतात. पहिला, जुनी विंडोज चालू असतानाची पूर्वतयारी. दुसरा, एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीत चाललेली अदलाबदल. तिसरा, नव्या विंडोजची पहिली सुरुवात. चौथा, दुसरी सुरुवात. अपयशाचा लांबलचक संकेत दोन भागांत असतो. उदाहरणार्थ पहिला भाग ‘सी१९००१०१’ असेल तर संशय बहुधा ड्रायव्हरवर. दुसरा भाग कुठे अडले ते सांगतो: २००१७ मधला आरंभीचा २ म्हणजे दुसरा टप्पा, ४००१७ मधला ४ म्हणजे चौथा. लोक पहिला भाग शोधत बसतात. दुसरा भाग तेवढाच मोलाचा आहे. सविस्तर लॉग ‘पँथर’ या चमत्कारिक नावाच्या कप्प्यात असतात, आणि ते वाचून सारांश सांगणारे ‘सेटअपडायग’ हे साधन मायक्रोसॉफ्टनेच २०१८ मध्ये दिले.

२१/ याच मोहिमेत एक अधिक गंभीर गोष्ट घडली: वापरणाऱ्याची संमती पातळ होत गेली. २०१६ च्या मे महिन्यात अपग्रेडची वेळ कळवणारी खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली, तरी तो नकार धरला जात नव्हता. ठरलेल्या वेळी अपग्रेड सुरू होई. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका महिलेने न्यायालयात सांगितले की आपण परवानगी न देता अपग्रेड सुरू झाले, ते फसले, आणि कामाचा संगणक कित्येक दिवस निकामी झाला. निकाल तिच्या बाजूने लागला, १०,००० डॉलरचा. मायक्रोसॉफ्टने अपील केले, मग ते सोडून दिले आणि रक्कम भरली. फसलेल्या अपग्रेडचा खर्च कोणाचा, हा प्रश्न एवढ्या स्पष्टपणे विचारला जाण्याचे प्रसंग थोडे आहेत.

२२/ आणि आता या इतिहासातले सर्वांत काळे पान. २ ऑक्टोबर २०१८: विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती, ज्यांनी स्वतः ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबले त्यांच्यासाठी खुली झाली. चारच दिवसांत तिचे वाटप थांबले. कारण काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा कप्प्यांतल्या फायली अपग्रेडनंतर नाहीशा झाल्या होत्या. अपग्रेड फसले नव्हते. ते यशस्वी झाले होते.

२३/ हे कसे घडले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. डेस्कटॉपवर सी ड्राइव्ह भरत आला की जाणता माणूस आपला डॉक्युमेंट्सचा कप्पा डी ड्राइव्हवर वळवतो. नवे कागद डी वर जाऊ लागतात, पण सी वरचा जुना कप्पा तसाच राहतो, आणि अनेकदा जुने कागदही त्यातच राहून जातात. एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर अशा काहींना डॉक्युमेंट्स नावाचे रिकामे जुळे कप्पे दिसू लागले. हे काय गबाळ, अशी तक्रार झाली. ती ऐकून अभियंत्यांनी ऑक्टोबरच्या आवृत्तीत रिकामे दुबार कप्पे काढून टाकणारा कोड घातला. तो कोड जुन्या जागेचा कप्पा काढून टाकी, आणि त्यात काही असेल तर त्यासकट. ‘वनड्राइव्ह’च्या काही विशिष्ट मांडण्यांतही तेच झाले. नीटनेटकेपणाच्या एका मागणीतून हे निपजले.

२४/ याला एक पूर्वज आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २ च्या मॅक ओएस टेनवरील बसवणीने काही वापरकर्त्यांच्या डिस्कचे अख्खे विभाग पुसले होते. जुनी आयट्यून्स काढून टाकणाऱ्या आज्ञेत जागेच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायची राहिली होती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असली, तर आज्ञा त्या जागेवर तुटे आणि भलतेच पुसून मोकळी होई. दोन्ही ठिकाणी घात केला तो जुने आवरून ठेवणाऱ्या कामाने.

२५/ २०१८ मधील हानीचे प्रमाण मायक्रोसॉफ्टने सांगितले ते असे: १८०९ बसवलेल्यांपैकी एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढ्यांकडून डेटा गेल्याच्या नोंदी. आकडा लहान आहे. पण ज्याची प्रबंधाची टिपणे किंवा मुलीची छायाचित्रे गेली, त्याच्यापुरते ते शंभर टक्केच होते. आणि इथे ‘विंडोज.ओल्ड’ धावून आले नाही. मागे फिरून एप्रिलची आवृत्ती परत आणली तरी फायली आल्या नाहीत, अशा तक्रारी झाल्या. परतीची वाट प्रणालीसाठी बांधलेली होती, कागदांसाठी नव्हे. ज्यांचे नुकसान झाले त्यांना सल्ला मिळाला तो संगणकाचा वापर शक्य तितका कमी करून संपर्क साधण्याचा, कारण पुसलेल्या फायलींच्या जागेवर नवे काही लिहिले गेले की त्या खरोखरच गेल्या.

२६/ याहून बोचणारी बाब पुढे उघड झाली. अपग्रेड खुले होण्याच्या काही महिने आधी, चाचणीत सहभागी झालेल्या स्वयंसेवकांपैकी काहींनी ‘फीडबॅक हब’मध्ये फायली गेल्याचे लिहून ठेवले होते. त्या तक्रारींना मते कमी मिळाली, म्हणून त्या वर आल्या नाहीत. दोष दुर्मीळ असेल तर त्याला मते कमीच पडणार. आणि डेटा पुसणारा दोष दुर्मीळ असला तरी पहिल्या क्रमांकाचा असतो. पुरावा दप्तरात होता, पण दप्तराची मांडणी अशी की तो कोणाच्या हाती लागू नये. पुढे तक्रारीबरोबर तिची तीव्रता नोंदवण्याची सोय करण्यात आली. १३ नोव्हेंबर २०१८ रोजी आवृत्ती दुरुस्त होऊन पुन्हा आली. मे २०१९ च्या अपडेटपासून मोठे अपग्रेड कधी घ्यायचे हे ठरवण्याची अधिक मोकळीक वापरणाऱ्याला परत मिळाली.

२७/ या सगळ्यातून आज विंडोज ११ कडे जाताना कामाला येणारे एवढे. डॉक्युमेंट्स कधी दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले असतील, तर जुन्या जागी काही उरले आहे का ते स्वतः डोळ्यांनी पाहावे. कागदांची प्रत संगणकाच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असावी. त्याच डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हवरची प्रत ही प्रत धरू नये. अपग्रेडआधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जास्तीच्या वस्तू काढून ठेवाव्यात. दारे जितकी कमी, तितके बरे. फसलेच, तर संकेत पूर्ण उतरवून घ्यावा, मागचा भागही. आणि लगेच फॉरमॅट मारू देऊ नये.

२८/ राहिला तो डॉस ५ चा तपशील. १९९१ मध्ये जुनी प्रणाली पुसायला माणसाला स्वतः आज्ञा टंकावी लागे. विंडोज १० ने आरंभी जुनी प्रणाली ३० दिवस ठेवली. ऑगस्ट २०१६ पासून ही मुदत १० दिवसांवर आणली गेली, आणि विंडोज ११ मध्येही मूळ मुदत तेवढीच आहे. ती संपली की मागे जाण्याचा पर्याय जातो, आणि जुना कप्पा आपोआप साफ होतो. मुदत वाढवता येते: प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिझम’ या साधनाने ती ६० दिवसांपर्यंत नेता येते. मात्र ते पहिल्या १० दिवसांच्या आतच करावे लागते, आणि तसे सुचवणारी कोणतीही खिडकी पडद्यावर येत नाही.